चिंचेवरच्या दोन कड्या

कृष्णेकाठच्या सोनतळीत शाळेची नवी इमारत बांधायची होती. गावाला ती माळावर हवी होती, पण सभापती दौलतरावांनी नदीजवळची जागा ठरवून टाकली होती. तिथल्या चिंचेखाली नकाशा पसरून ते म्हणाले, “ही पूररेषा बघा, किती लांब आहे! इथं पाणी येणारच नाही.”

सगळे नकाशावर वाकले. होडी चालवणारी अनुसयाबाई तेवढी पुढे आली.

“कागदावर कोरडंच दिसतंय, साहेब. पण झाडावर त्या दोन लोखंडी कड्या कशाच्या असतील?”

दौलतरावांनी मान वर केली. एक कडी दोन पुरुष उंचीवर होती, दुसरी तिच्याही वर.

“एवढ्या उंच? शिडी लावून ठोकल्या की काय?”

“शिडी कशाला? होडी बांधायच्या कड्या त्या. खालची सासऱ्यांनी ठोकली. हल्ली पूर जास्तच चढतो, म्हणून वरची मी ठोकली. दोन्ही छातीच्याच उंचीवर आहेत, साहेब. होडीत उभं राहून.”

लोक तोंडाला पदर, टोपी लावून हसू लागले. दौलतरावांनी नकाशा गुंडाळला.

“माळाची वाट कुठून आहे, बाई?”

“चला की, दाखवते. तिकडं बाराही महिने चालत जाता येतं.”