बाभळीपर्यंतचे सेकंद

"अजून किती, उस्ताद?"

जोतिरामने विचारलं तेव्हा त्याच्या केसांतलं पाणीही निथळलं नव्हतं. पोहण्याच्या तलावावरून सायकल मारत तो थेट कृष्णेच्या घाटावर आला होता. हातात वही, गळ्यात सेकंद मोजायचं घड्याळ.

दस्तगीर उस्ताद पायरीवर बसून वाळक्या भोपळ्याला दोरी बांधत होते. चाळीस वर्षं त्यांनी गावातली पोरं अशीच पाठीला भोपळा बांधून पाण्यात ढकलली. मलाही ढकललं होतं. मी शेजारच्या पायरीवर धोतर पिळत होतो.

"आज किती भरले?" उस्तादांनी विचारलं.

"शंभर मीटरला एक मिनिट अठरा."

"तीन ऱ्हायले मग."

जोतिराम हलला नाही.

"मागच्या खेपंला चार म्हणालासा. चार काढले. त्याच्या आधी पाच म्हणालासा. पाच काढले... आता पुन्हा तीन?"

उस्ताद गाठ आवळत राहिले.

दोन वर्षांपूर्वीच्या पुरात त्याचा धाकटा भाऊ बापू समोरच्या बाभळीला धरून बसला होता. म्हैस सोडवायला गेला आणि अडकला. जोतिराम तालुक्यातला पहिल्या नंबरचा पोहणारा. पदकं गळ्यात मावत नसत, आणि मानही त्याच मापाने ताठ. त्याने याच पायरीवरून सरळ उडी मारली. पाण्याने त्याला बाभळीच्या वीस हात खाली नेलं. तो वळून उलटा हात मारत राहिला. मान वर काढून पाहिलं तेव्हा बाभळीवर कोणी नव्हतं.

तेव्हापासून उस्तादांच्या सांगण्यावरून हे सुरू झालं. सोमवारी बेताने, दम न लागता. बुधवारी शंभर मीटरच्या दहा फेऱ्या, सगळ्या एकाच वेगाने, मध्ये वीस सेकंद विसावा. शनिवारी घड्याळ लावून कसोटी. एक तीसवरून तो एक अठरावर आला होता. लोक पाठीमागे म्हणत, बैल गेला आणि झोपा केला. मीही म्हणालो आहे. त्याची मला लाज वाटते.

"आज शेवटचं विचारतो," जोतिराम म्हणाला. "किती सेकंद कमी असते तर बापू वाचला असता? खरं सांगा. खोटं बोललासा तर उद्यापासनं येनार न्हाई. तलावावर न्हाई, घाटावर न्हाई... कुठंच न्हाई."

उस्तादांचा हात थांबला.

बापू गेला त्या महिन्यात जोतिरामची आई त्यांच्या दारात येऊन बसली होती. पोरगं दिवसभर नदीकडं बघत बसतंय, त्याला कायतरी काम सांगा, एवढंच म्हणाली होती.

उस्तादांनी भोपळा बाजूला ठेवला. काठी घेतली, आणि ते काठाकाठाने वरच्या अंगाला चालू लागले. जोतिराम मागे. न राहवून मीही गेलो.

धुण्याचे दगड गेले. महादेवाची घुमटी गेली. दोनएकशे पावलांवर एक उंबर आहे, तिथे ते थांबले.

"हितनं," उस्ताद म्हणाले.

जोतिरामने खाली पाहिलं. बाभळ तिरकी, दूर दिसत होती. पाणी तिकडेच चाललं होतं.

"सात वर्साचा हुतास. पहिल्याच दिवशी काय शिकवलं हुतं? पुरात..."

जोतिरामचे ओठ हलले.

"पुरात आधी वर चालत जायचं. मग पान्यात पडायचं. पानी नेतंय..."

"मग?"

"ठावं हुतं मला, उस्ताद. चालण्यात वेळ जाईल वाटलं. म्हटलं, आपला वेग हाय..."

उस्तादांनी काठीने खालच्या बाभळीकडे दाखवलं.

"म्हंजे वेग..."

"पुरेसा हुता. दोन वर्सामागचाच."

जोतिराम उंबराच्या मुळीवर बसला. गळ्यातलं घड्याळ काढून त्याने मातीत ठेवलं. वही त्यावर ठेवली.

"मग हे सगळं... मी कशापायी..."

मला वाटलं, आता म्हातारा काहीतरी शहाणपणाचं बोलेल. निदान खांद्यावर हात तरी ठेवेल. त्याने तेही केलं नाही. पलीकडे कोणीतरी म्हशी धूत होतं, त्यांच्याकडे पाहत तो उभा राहिला. माझ्या हातातल्या धोतराचं पाणी पायावर गळत होतं, आणि मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

बऱ्याच वेळाने उस्ताद गुडघ्यावर हात टेकून वाकले. घड्याळ उचललं, सदऱ्याला पुसलं आणि जोतिरामच्या गळ्यात घातलं.

"शनवारी ये," ते म्हणाले. "तीन ऱ्हायलेत अजून."