दगडावरची मोकळी जागा

वर्षे मोजायची कुणाला घाई नव्हती, त्या काळची ही गोष्ट. एका पठारावर एक छोटे राज्य होते. तिथल्या राजाला वाटले, आपल्या पायाखालची ही पृथ्वी कशी तयार झाली, ते चौकात मोठ्या दगडावर कोरून ठेवावे. म्हणजे येता-जाता पोरेसोरेही वाचतील.

मजकूर द्यायचे काम राज्यातल्या म्हाताऱ्या आचार्यांकडे आले, आणि कोरायचे काम तितक्याच म्हाताऱ्या पाथरवटाकडे. त्या राज्यात एक जुना नियम होता. जो दगडावर खोटे कोरवील, त्याने राज्य सोडून जायचे.

आचार्य चाळीस वर्षे एकच सांगत आले होते. एक भलामोठा तारा सूर्याच्या जवळून गेला. त्याच्या ओढीने सूर्यातून आगीचा लोळ बाहेर आला. त्या लोळाचे थेंब झाले, थेंब निवले, आणि त्यातलाच एक थेंब म्हणजे आपली पृथ्वी. हेच त्यांनी लिहून पाथरवटाच्या हाती दिले.

पण देताना त्यांचा हात जड झाला होता. इतकी तापलेली वाफ गोळा होईल कशी? ती तर पसरून जाईल. हा प्रश्न त्यांना दोन वर्षे छळत होता, आणि त्यांनी तो कुणालाच सांगितला नव्हता.

चार दिवस त्यांना अन्न गेले नाही. पाचव्या दिवशी सकाळी त्यांची बायको दही घुसळत बसली होती आणि आचार्य समोर बसून नुसते बघत होते. आधी काहीच दिसेना. मग मोहरीएवढे कण वर आले. कणाला कण चिकटला, आणि हळूहळू चांगला मुठीएवढा गोळा झाला.

"हे लोणी आलं कुठून गं?" आचार्यांनी विचारले.

"शेजारीण भिंतीवरून टाकून गेली," बायको म्हणाली. "असं काय विचारता? दह्यातच होतं. गोळा व्हायला वेळ लागतो इतकंच."

आचार्यांनी तो गोळा बोटाने दाबून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे बाहेरून तारा यायची गरजच नाही. धुळीचा आणि वायूचा मोठा ढग असेल. मधे सूर्य झाला. भोवतीच्या धुळीत कणाला कण, गोट्याला गोटा लागत ग्रह झाले."

"माझी रवी तर एकदा इकडे फिरते, एकदा तिकडे."

"ग्रह मात्र सूर्याभोवती सगळे एकाच दिशेने फिरतात. म्हणजे तो ढगही एकाच दिशेने फिरत असणार. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी बघितलं नाही." मग त्यांचा चेहरा उतरला. "आज महाराज दगड बघायला येणार. कोरून झाला असेल. गप्प राहिलो तर कुणाला कळणार नाही."

"तुम्हाला कळलंय ना," बायको म्हणाली. "चार दिवस ताट तसंच परत येतंय." आणि ती बोचके बांधायला उठली.

चौकात दगडावर कापड टाकलेले होते. राजा आला, तसे आचार्य पुढे झाले.

"महाराज, मी दिलेला मजकूर चुकीचा आहे. नियम मला ठाऊक आहे. आम्ही निघायच्या तयारीनेच आलोत."

राजा लहानपणी त्यांच्याकडेच शिकला होता. "चाळीस वर्षांत कुणी शंका घेतली नाही?"

"घेतली. मी त्यांना गप्प बसवलं."

राजाने जड मनाने पाथरवटाला खूण केली. पाथरवटाने कापड ओढले. दगडाच्या चारही कडांना सुंदर वेली होत्या, पाने होती, कळ्या होत्या. मधे एकही अक्षर नव्हते.

"पाच दिवस केलंस काय?" राजाने विचारले.

"वेली कोरल्या, महाराज. एरवी मजकूर देणारा माणूस रोज येऊन डोक्यावर बसतो. ही वेलांटी बघ, तो काना बघ, जीव नकोसा करतो. हे गुरुजी एकदाही फिरकले नाहीत. म्हटलं, ह्यांच्या मजकुरात कुठंतरी खडा आहे. अक्षर एकदा दगडात गेलं की पुसता येत नाही. पानं काय, कितीही कोरावीत."

आचार्य तिथेच चौकातल्या पायरीवर बसले आणि इतक्या दिवसांनी त्यांना मोकळा श्वास आला. राजाही हसला. "पानांत काही खोटं नाही. कुणी कुठे जायचं नाही. आता नवीन मजकूर सांगा. तो तरी पक्का आहे का?"

"बरंचसं जुळतं, महाराज. आपल्या चंद्राचं अजून नीट जुळत नाही."

"मग खाली हातभर जागा सोडतो," पाथरवट म्हणाला.

बायकोने बोचके सोडले आणि भाकरीवर लोणी घालून आचार्यांच्या हाती दिले. ते तिथेच पायरीवर बसून जेवले, आणि आणखी एक भाकरी मागितली.

पुढे त्यांच्या शिष्यांच्या शिष्यांनी त्या मोकळ्या जागेत चंद्राबद्दल दोन ओळी कोरल्या. त्याखाली चार बोटे जागा अजून कोरी आहे.

जो आपली चूक वेळेवर सांगतो, त्याच्याच ज्ञानाला वाढायला जागा मिळते.