शंखद्वीपाची अंडमाळ

पूर्वी समुद्रातल्या शंखद्वीप नावाच्या एवढ्याशा बेटावर मणिकेतू राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्या बेटावर जन्म घेऊन राजाच्या पदरी कोंबड्यांचे कारभारी झाले होते. हसू नका. तिथे हे पद सेनापतीच्या बरोबरीचे होते, कारण बेटावर भात बेताचाच पिके आणि येणारी-जाणारी गलबते बंदरात थांबत ती केवळ अंड्यांसाठी. बोधिसत्त्वांच्या पत्नीचे नाव पूर्णिका. बोधिसत्त्वांनी जे सोसले ते शांतपणे सोसले. तिने मात्र ते दात-ओठ खात सोसले, म्हणून ही गोष्ट तिच्या बाजूने सांगतो.

बेटावर एक रीत होती. आश्विनी पौर्णिमेला बंदरातल्या उंच खांबावरून अंड्यांच्या पोकळ टरफलांची माळ सोडत. वर्षभरात शंभर अंडी झाली की माळेत एक टरफल ओवायचे. गेल्या वर्षीपेक्षा माळ खाली आली की लोक नाचत, राजा खूश होई. दुसरी एक रीत होती, पण तिच्यापायी कोणी नाचत नसे. वसंतात कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबून घरट्यात फुगून बसली, की दर तिसरीला अंड्यांवर बसू द्यायचे. कोणत्या घरची कोंबडी बसवायची ते ठरवणे हे बोधिसत्त्वांचे काम होते.

राजाचा एक सल्लागार होता, उपरोचन. भारी हुशार. त्याने एकदा राजाच्या कानात सांगितले, की खुडूक कोंबडी दोन-तीन महिने फुकट खाते. तिला गार पाण्यात बुचकळली तर पंधरवड्यात पुन्हा अंडी देऊ लागेल. आणि कोंबडे तर जन्मात एक अंडे देत नाहीत, त्यांना कशाला पोसायचे? राजाला हे पटले. बेटावर घरोघर कोंबडे कापून त्यांचा रस्सा झाला. रोज सकाळी बायका खुडूक कोंबड्या काखेत मारून समुद्राच्या पायऱ्यांवर नेत आणि तीनदा बुडवून काढत.

बोधिसत्त्व राजाकडे गेले. कोंबडी दोन वर्षे भरभरून देते, मग उतरणीला लागते, तिच्यामागे तलंगा, म्हणजे नव्या तरण्या कोंबड्या, नसतील तर बेट रिकामे होईल, असे त्यांनी हात जोडून सांगितले. राजाने खांबाकडे बोट दाखवले. त्या वर्षी माळ दोन हात खाली आली होती.

"कारभारी, ही माळ खोटं बोलते का?"

"महाराज, ती मागचं सांगते. पुढचं सांगत नाही."

एवढ्यावर त्यांचे पद गेले. बेटाच्या टोकाला, जिथे वाऱ्याने झाडसुद्धा टिकत नाही, तिथे एक झोपडी त्यांना मिळाली. पूर्णिकेने भांडीकुंडी बांधली. रस्त्यात शेजारणी भेटल्या, पण एकीनेही तिच्याकडे मान वळवून पाहिले नाही. हे ती जन्मभर विसरली नाही.

सामानात बोधिसत्त्वांनी एक कोंबडा आणि चार कोंबड्या लपवून आणल्या होत्या. कोंबडा आरवला तर सगळेच संपणार. म्हणून ते पहाट व्हायच्या आधी उठत आणि त्याला ठेंगण्या डालग्याखाली झाकत. मान ताठ करता आली नाही की कोंबडा आरवत नाही. तिकडे गावात आरवणे बंद झाल्याने लोक उन्हं वर येईपर्यंत झोपू लागले होते, आणि त्याचेही त्यांना कौतुक वाटत होते.

पिल्ले निघाली, पण दाणे कुठून आणायचे? बोधिसत्त्व आपल्या ताटातला निम्मा भात बाजूला काढू लागले. मग पूर्णिकाही काढू लागली. दोन वर्षे ती अर्ध्या पोटी राहिली. तिच्या हातात बांगडी ठरेना. घारीने एक पिल्लू उचलले की ती घारीला शिव्या घाली, आणि मग गावाला. शेवटी बारा तलंगा आणि तीन नवे कोंबडे हाताशी आले.

गावात काय चालले होते ते निराळे सांगायला नको. तिसऱ्या वर्षी अंडी कमी झाली, तर उपरोचनाने पन्नासाला एक टरफल ओवले. चौथ्या वर्षी दहाला एक. माळ होती तेवढीच दिसत होती आणि लोक खालून टाळ्या वाजवत होते. पण म्हाताऱ्या कोंबड्या मरू लागल्या. घाबरून लोकांनी उरलेल्यांना अंड्यांवर बसवले, तर कोंबडा नसताना घातलेली ती अंडी सगळी कुजली. तेव्हा कुठे त्यांना टोकावरची झोपडी आठवली.

बारा घरांची माणसे दारात येऊन उभी राहिली. पूर्णिकेला वाटले, यांच्या तोंडावर दार लावावे. बोधिसत्त्वांनी एकेका घराला एकेक तलंग दिली, आणि तीन कोंबडे सगळ्यांत मिळून. एकच गोष्ट मागितली, की वर्षभर अंडे खायचे नाही, विकायचे नाही, कोंबडी बसेल तशी बसू द्यायची. प्रत्येकाने समुद्राचे पाणी हातात घेऊन शब्द दिला.

आश्विनी पौर्णिमा आली. बंदरात परदेशचे मोठे गलबत लागले होते. त्याच्या नाखव्यापुढे माळ जमिनीला टेकली पाहिजे, असा राजाचा हुकूम सुटला. या वर्षी अंड्यागणिक टरफल ओवायचे होते. पूर्णिका मीठ आणायला बंदरावर गेली होती, आणि तिने पाहिले ते असे. बाराही घरच्या बायका घरट्यातली अंडी ओटीत घेऊन बसल्या होत्या. टरफल पोकळ करायला सुईने भोक पाडून फुंकर मारायची असते. पण बलक बाहेर येईना. बायकांनी भोके मोठी केली. आतून रक्त आले, मग ओली पिसे, मग चोची. दोन दिवसांत फुटणारी अंडी होती ती. कोणी थांबले नाही. त्यांनी टरफले समुद्रात विसळली आणि ओवली. माळ जमिनीला टेकली. रात्रीच्या मेजवानीसाठी तलंगा आणि तिन्ही कोंबडे कापले होते. म्हातारा कोंबडा आणि त्याच्याजवळच्या चार कोंबड्याही राजाच्या माणसांनी दुपारीच झोपडीतून नेल्या होत्या.

ती घरी आली तेव्हा बोधिसत्त्व रिकामे डालगे झाडत होते.

"अहो, ते शब्द पाळणार नाहीत हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं. एखादं घर पाळेल असंही वाटलं होतं."

"एकानंही पाळला नाही. माझ्या तोंडचा घास होता तो."

"हो, तुझाच होता."

"पुन्हा दारात आले तर?"

"पुन्हा देईन," बोधिसत्त्व म्हणाले. "पण आता देण्यासारखं काही उरलं नाही."

दुसऱ्या दिवशी ते सवयीने अंधारातच उठले आणि कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. झाकायला काही नव्हते. पूर्णिका जागीच होती. ती भिंतीकडे तोंड करून रडली.

ही कथा सांगून भगवान शास्ते सभेकडे पाहत म्हणाले, "त्या वेळचा मणिकेतू म्हणजे आज पुढच्या रांगेत बसलेला श्रेष्ठी धनमित्र, आणि उपरोचन म्हणजे त्याच्या कानाशी लागलेला त्याचा कारकून. माळेखाली टाळ्या वाजवणारी माणसं तुम्ही. कोंबड्यांचा कारभारी मी होतो. कृतघ्नांनाही पुन्हा द्यायला तयार असणं, याला क्षांती म्हणतात."

कोणीतरी विचारले, आणि पूर्णिका? शास्त्यांनी दाराजवळ बसलेल्या वृद्ध भिक्षुणीकडे हात केला. तिने आपल्या पात्रातला भात नेहमीप्रमाणे निम्मा करून बाजूला ठेवला होता. "तुमच्याकडे तिनं अजून मान वळवून पाहिलेलं नाही," शास्ते म्हणाले.