मरळीची जमीन

झाडं आणि दारंसुद्धा बोलायची, तेव्हाची गोष्ट. नदीवरच्या बंधाऱ्याचं लोखंडी दार सगळ्यांना पाणी वाटायचं. ऊस पाच एकर सांगून पाणी घेऊन गेला, केळ तीन एकर सांगून. मग मरळ मासळी वर आली.

"दारोबा, थोडं पाणी नदीतच राहू द्या. आम्ही तिथंच राहतो."

"तुझी जमीन किती?"

"मासळीला कसली आलीय जमीन?"

"मग पाणी कसलं? पाणी जमिनीला मिळतं, बाई."

मरळीनं कपाळावर हात मारून घेतला असता, पण तिला हातही नव्हता.

वैशाखात नदी आटली. मरळ चिखलात तोंड वासून पडली. दार आनंदानं करकरलं, "अभिनंदन! ही उघडी पडलेली सगळी जमीन तुझीच. पाणी मंजूर!"

"मग सोडा की!"

"सोडतो ना," दार म्हणालं, "नदीला आलं की लगेच."