उष्टा दाणा

एका माळरानाच्या कडेला, करवंदीच्या जाळीखाली, वाळवीने सोडून दिलेल्या उंच वारुळात काळ्या मुंग्या राहत असत. मुलांनो, मुंगीला दाणा ओढत नेताना तुम्ही पाहिले असेल. पण आत नेल्यावर ती त्याचे काय करते ते आपल्याला दिसत नाही. ती दाण्याचे टोक कुरतडते. जिथून कोंब फुटतो, तेवढेच टोक. मग ओल लागली तरी दाणा रुजत नाही आणि पावसाळाभर पुरतो. काळ्या मुंग्यांच्या घरात ही रीत अगदी पहिल्या मुंगीपासून चालत आली होती.

एका उन्हाळ्यात तांबड्या मुंग्यांनी त्यांच्यावर चढाई केली. तांबड्या मुंग्या शिकारी, जबड्याच्या पक्क्या. काळ्या मुंग्या हरल्या आणि तह झाला. तह म्हणजे काय, तांबड्यांची सरदारीण वारुळावर उभी राहून बोलत होती आणि बाकीच्या खाली माना घालून ऐकत होत्या.

"हे वारूळ आजपासून आमचं. तुम्ही खालच्या खळग्यात राहा. आणि जे धान्य आणाल, त्यातलं अर्धं आम्हाला द्या." एवढ्यात तिची नजर कोठारातल्या एका दाण्यावर गेली. "हे काय? उष्टं? जिंकलेल्यांना तुम्ही उष्टं खायला घालणार?"

काळ्यांमधली सर्वांत म्हातारी मुंगी पुढे आली. तिला सगळ्या आजी म्हणत. "सरदारीणबाई, त्याला कारण आहे..."

"हरलेल्यांनी कारणं सांगायची नसतात! आम्हाला दाणा अखंड हवा. एक जरी उष्टा निघाला, तरी तुमचा वाटाही घेऊन जाऊ."

खळग्यातले दिवस वाईट गेले. तिथे ओल होती, म्हणून अंडी रोज उन्हात आणावी लागत आणि पुन्हा आत न्यावी लागत. अर्ध्या धान्यात पिल्लांची पोटे भरत नसत. थोरल्या मुंग्या नुसता कोंडा चघळत आणि "आमचं झालं बाई" म्हणत. पिल्लांचा खेळही बदलला. पूर्वी ती दाणा ओढायची शर्यत लावत. आता ती गवताच्या काडीला 'सरदारीण' म्हणत आणि तिचे तुकडे करत. आजी ते पाही आणि तिला उपासापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटे.

मग श्रावणाची झड लागली. वारुळाच्या भिंती आतपर्यंत ओलावल्या आणि कोठारांतल्या अखंड दाण्यांना कोंब फुटले. कोंब वर गेले, मुळे खाली गेली. तांबड्या मुंग्यांना आपल्याच घरात चालायला वाट उरली नाही. आयत्या धान्याची सवय लागल्यामुळे त्या शिकारीचे रस्तेही विसरल्या होत्या. वारुळाच्या माथ्यावर हिरवे गवत डोलू लागले, तेव्हा खळग्यात मोठा हशा पिकला.

"बघा, बघा! सरदारीणबाईंच्या घराला केस आले!"

"आजी, त्या उपाशी आहेत," एक तरणी मुंगी जबडा वाजवत म्हणाली. "आत्ताच चढू या!"

"चढू. जिंकूही," आजी म्हणाली. "मग त्यांना या खळग्यात घालू. आणि त्यांच्या पोरी गवताच्या काडीला 'आजी' म्हणतील आणि माझे तुकडे करतील. मला नको ते."

"पण आपल्या पिल्लांचं काय?"

"त्यांच्यासाठीच तर चालले आहे." आजीने एक कुरतडलेला दाणा डोक्यावर घेतला आणि ती एकटीच वारूळ चढू लागली.

दाराशी सरदारीण स्वतःच पहाऱ्याला होती. तिच्यामागे तांबडी पिल्ले एकमेकांना टेकून बसली होती. आजीने दाणा खाली ठेवला. "उष्टा आहे, सरदारीणबाई. चालेल?"

सरदारीण दाण्यावर वाकली. तिने दाण्याचे कुरतडलेले टोक पाहिले, मग शेजारचा कोंब पाहिला. दाणा तिने मागे पिल्लांकडे सरकवला. "हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगायला लागले होते," आजी म्हणाली. "तुमच्या तहात आमच्या बोलण्याला जागा नव्हती."

दुसरा तह दोघींनी शेजारी बसून केला. वारूळ मोठे होते. सगळ्यांनी मिळून कोंब कुरतडून वाटा मोकळ्या केल्या, आणि झड ओसरल्यावर कोरड्या झालेल्या खोल्यांत दोन्हीकडची अंडी आरामात मावली. तांबड्यांनी पुन्हा शिकार सुरू केली आणि पहारा आपल्याकडे घेतला. धान्य काळ्यांच्या रीतीने साठू लागले, आणि सगळ्या पिल्लांची पोटे भरल्यावर उरेल ते वाटून घ्यायचे ठरले. तरणी मुंगी दोन दिवस जबडा वाजवत फिरत राहिली. तिसऱ्या दिवशी तिची पिल्ले कोरड्या मातीत लोळताना दिसली, तेव्हा तिचाही राग हळूहळू उतरला.

पुढच्या सुगीत एक छोटी तांबडी मुंगी भला मोठा दाणा ओढत आजीकडे धावत आली. "आजी, एवढा उष्टा करून द्या ना! नाहीतर उगवेल हो!"

"तुला काय जबडा नाही?" आजी कुरकुरली, आणि तिने हसत हसत दाण्याचे टोक कुरतडून दिले.

तात्पर्य : ज्या तहात हरलेल्यांच्या पोटाला आणि शब्दाला जागा नसते, त्यात पुढच्या लढाईचे बी अखंड राहते, शहाण्याने त्याचा कोंब वेळीच खुडावा.