राशीवरचा बैल

“पण महाराज, निशाणावर हात ठेवायला तुमची हरकत काय?”

शार्ङ्गधरपंतांचा आवाज चढला होता. राज्याच्या नव्या निशाणाची स्तुती त्यांनी रचली होती. उद्या दरबारात ती वाचली की राजकवीची वस्त्रं ठरलेली. फक्त गुरूचा, भिकोबा गोसाव्यांचा, आशीर्वाद राहिला होता. मांडीवर रेशमी निशाण, त्यावर जरीचा बैल.

“हा बैल आला कुठून?” गोसाव्यांनी विचारलं.

“राजघराण्याच्या मूळपुरुषांच्या स्वप्नात आला. शिंगांवर पृथ्वी तोलून!”

“असं...? आधी जेवून घे.”

गोसाव्यांनी पानात भाताची मूद वाढली. मग कोनाड्यातला जुना लाकडी ठसा काढून मुदीवर दाबला. भातावर बैल उमटला. तोच बैल.

“याच्या तोंडावर हे जाळं कसलं?” पंतांनी विचारलं.

“मुसकं. मळणीच्या बैलानं दाणा खाऊ नये म्हणून बांधतात. आता भाताला हात लावू नकोस. सरकारी माणूस येईल, राजाचा वाटा काढील, मग जेव.”

थट्टा असेल म्हणून पंत हसत बसून राहिले. भात निवला. त्याला मुंग्या लागल्या. पंतांच्या पोटात कावळे ओरडू लागले.

शेवटी हात पुढे गेला. गोसाव्यांनी चिमटा आपटला.

“शिक्का मोडतोस? बोटं छाटतात!”

“ही कुठली रीत?” पंत कडाडले. “अन्न माझ्या पानात, आणि मीच उपाशी?”

“माझी आईही हेच ओरडली होती.”

गोसाव्यांनी भातावरच्या ठशाकडे बोट केलं.

“खळ्यावर आमच्याच जोंधळ्याची रास. तिच्यावर ओली माती थापून हाच ठसा मारलेला. राजाचा वाटा मोजायला कारकून यायचा होता... येईना. माझा धाकटा भाऊ त्या राशीला टेकून उपाशी मेला. मग कारकून आला. मेल्यानं पोराकडे पाहिलं नाही. आधी ठसा शाबूत आहे का ते पाहिलं! त्याच्या हातचा ठसा हिसकावून पळालो, तो असा गोसावी झालो.”

पंतांनी निशाण उलगडलं. जरीच्या बैलाचं तोंड मोकळं होतं. कारागिरानं त्याला हसरंसुद्धा केलं होतं.



“महाराज, उद्या दरबारात मी काय वाचू?”

गोसाव्यांनी मुंग्या लागलेलं पान उचललं.

“आधी त्या बैलाला मुसकं घाल. मग तुझं काढ.”