दारावर टाचलेला कागद

ताईची पिशवी कुणी उचलली? बाजारातून परतताना उतारूंनी भरलेली वडापची जीप वळणावर उलटली. माणसं धावली, ताईला दवाखान्यात पोचवलं, पण तिच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीचं पुढे काय झालं, ते कुणी सांगितलं नाही. मी ड्रायव्हरला विचारलं, हवालदाराला विचारलं, वळणावरच्या चहावाल्याला दोनदा विचारलं. पिशवीत तिची वही होती.

एकदा एक वृद्ध शिंपी होते आणि त्यांची एक शिष्या होती. शिष्या म्हणजे माझी ताई, वैजयंती. मास्तरांची शिकवण जगावेगळी होती. "कापड नंतर. आधी बघायला शीक," म्हणायचे. मग ताई एसटीने शहरातल्या वस्तुसंग्रहालयात जायची आणि जुन्या वस्त्रांच्या काचेपुढे इतका वेळ उभी राहायची, की पहारेकरी चोर समजून तिच्या मागे मागे फिरायचा. गावोगावच्या बाजारात बसून कोण पदर कसा खोचतं, कुणाचं पोलकं कुठे फाटतं, हे ती न्याहाळायची. जे दिसे ते वहीत काढायची.

ताई गेल्याला महिनाही झाला नव्हता. कॉलेजच्या फाटकाशी एका मुलीने रिक्षाला हात केला, आणि मी जागीच थांबलो. तिच्या ब्लाऊजच्या बाहीखाली, बगलेत, शंकरपाळीच्या आकाराचा वेगळ्या रंगाचा तुकडा होता. तो मी ताईच्या वहीत पाहिला होता.

"कुठे शिवलात हा?"

"मास्तरांकडे. नवी फॅशन आहे. तुला काय करायचंय?"

माझ्या डोक्यात एकच आलं. पिशवी मास्तरांकडे आहे.

दुकानाशी पोचलो तर दारावर बाहेरून एक कागद टाचलेला. त्या बाहीचा नमुना, तुकड्यासकट. शेजारी दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. नाक्यावरचा शिंपी तो आपल्या कागदावर उतरवून घेत होता. मी कागद टरकावला. तो शिंपी पळाला. मास्तर आतून बाहेर आले. त्यांनी दुसरा कागद कापला आणि दारावर टाचला. मी तोही फाडला. त्यांनी तिसरा घेतला.

"मास्तर, चोरलंत ते चोरलंत, आता गावभर वाटताय?"

"रंगा, आधी पाणी पी."

"पाणी नको. वही द्या."

"वही माझ्याकडे नाही. हा तुकडा तिने इथे माझ्यासमोर बेतला."

"कशावरून?"

"माझ्या शब्दावरून. तो पुरत नसेल तर दुकान उलथून बघ."

मी खरोखर उलथलं. पेटी, फडताळ, मशीनचा खण, चिंध्यांचं पोतं. वही नव्हती. मास्तर खाली बसून चिंध्या गोळा करत होते. तसेच म्हणाले,

"संग्रहालयात एक अंगरखा आहे. तो कुणी घातला ते तिथे लिहिलंय, कुणी शिवला ते नाही. हात उगारताना बगल फाटू नये म्हणून कुण्या शिंप्याने तिथे हा जोड दिला. तो पाहून वैजूला बाजारातली हौसाक्का आठवली. भाजीची पाटी उचलताना तिचं पोलकं दर वेळी तिथेच फाटतं. वैजू म्हणाली, मास्तर, हे सगळ्या शिंप्यांना दाखवू या. मी म्हणालो, वेडी आहेस का? आपल्याच दुकानात राहू दे. आणि नमुना कुलपात ठेवला. तुला हा संशय तेव्हा आला असता, तर खरा ठरला असता. हौसाक्का माझ्या दुकानाची पायरी कधी चढत नाही. ती नाक्यावरच्याकडे शिवते. बाळा, पाहून मिळालेली विद्या कुलपात ठेवली, की पाहणाऱ्याची नजर चोराची होते. जे मी तिला शिकवायचं, ते तिने मला सांगितलं. आणि मी ऐकलं ती गेल्यावर."

मी फाडलेले कागद गोळा केले. मग म्हणालो, "तिचं नाव तरी लिहा."

त्यांनी पेन्सिल सोडून माझ्या हातात दिली. माझं अक्षर बरं नाही. तरी लिहिलं, आणि कागद या वेळी मीच टाचला.

आतून त्यांनी एक हिरवं पोलकं आणलं. हौसाक्कासाठी ताईने नजरेच्या मापाने शिवलेलं. फक्त हुका राहिल्या होत्या. सुई मी कधी धरली नव्हती. पाच हुका लावल्या, त्यातल्या दोन मास्तरांनी उसवून पुन्हा लावायला लावल्या.

शनिवारी बाजारात हौसाक्काने पोलकं उलटंपालटं करून पाहिलं.

"केवढ्याला?"

"काही नको."

"फुकट? मग खोट असणार. कुठं फाटलंय, दाखव."

"माझ्या ताईने शिवलंय."

"ती टक लावून बघणारी पोरगी? मग ती का नाही आली?"

मी सांगितलं.  अक्का ताडपत्रीच्या आडोशाला गेली आणि पोलकं घालून आली. वांग्यांनी भरलेल्या पाटीजवळ वाकली.

"आता बघत काय राहिलास? हात लाव."

मी पाटी उचलून तिच्या डोक्यावर चढवली. तिने दोन्ही हात वर करून ती धरली. बगलेतला तुकडा ताणला, पसरला, टाका एकही तुटला नाही. अक्का चालू लागली. गर्दी फार होती, म्हणून मी पुढे होऊन तिला बाजाराच्या टोकापर्यंत वाट करून दिली.

ताईसाठी माझ्या हातून झालेलं शेवटचं काम ते.